समभागांचे जुने भाव: नोंद कशी वाचावी आणि कशी वापरावी

इन्फोसिसने १९९३ मध्ये आपला समभाग पहिल्यांदा सर्वसामान्यांना देऊ केला, तेव्हा त्याची किंमत ९५ रुपये होती. त्यानंतरचे सर्व बोनस (भागधारकांना फुकट मिळालेले जादा समभाग) आणि विभाजन (एका समभागाचे अनेक समभाग करणे) हिशेबात घेऊन तीच किंमत आजच्या समभागाच्या मापात मांडली, तर ती साधारण सव्वानऊ पैसे भरते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्या दिवशी खरेदीदाराच्या खिशातून किती रुपये गेले, हे पहिला आकडा सांगतो. आज डीमॅट खात्यात दिसणाऱ्या एका समभागामागे त्या खरेदीदाराचे मूळचे किती पैसे गुंतलेले आहेत, हे दुसरा सांगतो. जुन्या भावांवर काम करताना होणाऱ्या बहुतेक चुका बेरीज-वजाबाकीच्या नसतात, तर एका प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नाचा आकडा लावल्यामुळे होतात. म्हणून तक्ता उतरवून घेण्याआधी आपल्याला नेमके काय शोधायचे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. परतावा मोजायचा आहे, कर भरायचा आहे की एखादी खरेदी-विक्रीची पद्धत जुन्या काळावर तपासून पाहायची आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

एका ओळीत काय काय असते

दिवसाचे व्यवहार संपले की मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे बीएसई आणि एनएसई, आपापल्या सर्व समभागांचा त्या दिवसाचा तक्ता प्रसिद्ध करतात. बाजारात त्याला भावकॉपी म्हणतात आणि ती दोन्ही संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. एकाच कंपनीच्या नोंदी हव्या असतील, तर त्याच संकेतस्थळांवर कंपनीचे नाव आणि तारखा देऊन स्वतंत्र तक्ता काढता येतो. दोन्ही बाजारांतले भाव काही पैशांनी, क्वचित काही रुपयांनी, वेगळे असतात. तेव्हा एका अभ्यासासाठी एकच बाजार निवडावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा.

तक्त्यातील रकाने साधे वाटतात, पण प्रत्येकाची एक खोच आहे. खुला भाव हा सकाळी नऊ ते सव्वानऊ या पूर्वसत्रात मागणी आणि पुरवठा जुळवून ठरलेला असू शकतो. ही सोय २०१० मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीचा खुला भाव आणि नंतरचा खुला भाव एकाच जातीचे नाहीत. बंद भाव म्हणजे दिवसाचा शेवटचा सौदा, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. एनएसईच्या जुन्या नोंदींतील बंद भाव हा दुपारी तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातील सौद्यांची, समभागांच्या संख्येचा भार धरून काढलेली सरासरी असतो. शेवटच्या सौद्याचा भाव वेगळ्या रकान्यात दिलेला असतो. बाजार बंद होता होता खळबळ झाली असेल, तर या दोन आकड्यांत चांगलीच तफावत दिसते.

दिवसाचा नीचांक आणि उच्चांक यांच्याकडे सर्वांत जास्त संशयाने पाहावे. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलाली पेढीकडून चुकीचे विक्रीआदेश गेले आणि निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून अधिक कोसळून ४,८८८ पर्यंत गेला. व्यवहार काही काळ थांबले आणि ते पुन्हा सुरू झाल्यावर निर्देशांक सावरला. त्या दिवसाचा बंद भाव पाहणाऱ्याला काही विशेष घडले असे वाटणारही नाही. मात्र ‘भाव १० टक्के खाली आला की खरेदी करायची’ असा नियम नीचांकाच्या रकान्यावर तपासणाऱ्याला, प्रत्यक्षात कोणाच्याही हाती लागणे जवळपास अशक्य होते अशी खरेदी घबाडासारखी दिसेल.

उलाढालीच्या रकान्यांत सौदा झालेल्या समभागांची संख्या आणि त्यांचे रुपयांतील मूल्य असते. त्यांपैकी किती समभागांची प्रत्यक्ष डिलिव्हरी झाली, म्हणजे ते खरोखर खरेदीदाराच्या खात्यात गेले, याचा तक्ता वेगळा मिळतो. नावाशेजारी असलेल्या मालिकेच्या अक्षरांकडेही लक्ष द्यावे. ‘ईक्यू’ ही नेहमीची मालिका आहे, तर ‘बीई’ मालिकेतील समभागात प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची असल्याने त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकण्याची सोय नसते. दिवसांतर्गत व्यवहाराची पद्धत तपासताना या मालिकेतले दिवस वगळले नाहीत, तर कधीच न होऊ शकलेले सौदे नफ्यात जमा होतात.

नाव, चिन्ह आणि तारीख

अनेक वर्षांच्या भावकॉप्या एकत्र जोडताना कंपनी ओळखायची कशी, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. बाजारातील चिन्ह बदलते: झोमॅटोचे २०२५ मध्ये इटर्नल झाले, हीरो होंडाचे २०११ नंतर हीरो मोटोकॉर्प झाले. म्हणून पुष्कळ जण आयसिन हा बारा अक्षरांचा क्रमांक धरून नोंदी जोडतात. परंतु दर्शनी मूल्याचे, म्हणजे समभागावर नोंदलेल्या मूळ किमतीचे, विभाजन झाले की आपल्याकडे हा क्रमांकही बदलतो. तेव्हा चिन्ह, आयसिन आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होते, असा एक लहान तक्ता स्वतःच तयार करून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावे लागते. एनएसईच्या भावकॉपीची मांडणी जुलै २०२४ मध्ये बदलली, याचीही जोडणी करताना आठवण ठेवावी. जुन्या मांडणीसाठी लिहिलेली सूत्रे नव्या फाइलवर चालत नाहीत.

तारखांमध्ये दिवस आधी की महिना आधी, हा गोंधळ स्प्रेडशीटमध्ये नेहमी होतो आणि तो बारा तारखेपर्यंत लक्षातही येत नाही. सुट्टीच्या दिवसाच्या जागी शून्य भरू नये. ती ओळच नसावी. शनिवार-रविवारच्या सगळ्या ओळी डोळे झाकून काढून टाकणेही योग्य नाही, कारण दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाचे तासाभराचे मुहूर्ताचे सौदे कधी रविवारी येतात आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी, शनिवार असूनही, अर्थसंकल्पासाठी बाजार दिवसभर उघडा होता. मुहूर्ताच्या दिवसाची उलाढाल मात्र इतर दिवसांच्या सरासरीत मिसळू नये.

समायोजन: सगळ्यांत महत्त्वाची पायरी

कंपनीने एका समभागावर एक बोनस दिला की समभागांची संख्या दुप्पट होते आणि भाव साधारण निम्मा होतो. भागधारकाचे यात काहीच जात नाही. पण कच्च्या नोंदीत मात्र एका रात्रीत ५० टक्क्यांची घसरण दिसते. ही घसरण पुसून टाकण्यासाठी त्या तारखेच्या आधीचे सर्व भाव एका गुणकाने गुणतात आणि त्यालाच समायोजन म्हणतात. एकास एक बोनसचा गुणक अर्धा, एकास तीन बोनसचा पाव, १० रुपयांच्या दर्शनी मूल्याचे ५ रुपयांत विभाजन झाले तर अर्धा आणि १ रुपयात झाले तर एक दशांश. एखाद्या तारखेचा भाव समायोजित करायचा, तर त्या तारखेनंतर आजपर्यंत झालेल्या सर्व घटनांच्या गुणकांचा गुणाकार करून त्याने तो भाव गुणावा.

इन्फोसिसवर हे करून पाहण्यासारखे आहे. कंपनीने १९९४, १९९७ आणि १९९९ मध्ये एकास एक बोनस दिला, २००० मध्ये दर्शनी मूल्य १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणले, २००४ मध्ये एकास तीन बोनस दिला आणि त्यानंतर २००६, २०१४, २०१५ व २०१८ मध्ये पुन्हा एकास एक. सुरुवातीचे १०० समभाग काहीही न करता १,०२,४०० झाले, म्हणजे गुणक १,०२४ व्या भागाचा झाला आणि ९५ रुपयांचे सव्वानऊ पैसे झाले. २०१० मधला भाव मात्र फक्त आठाने भागायचा, कारण त्यानंतर तीनच बोनस झाले आहेत. भाव ज्या गुणकाने गुणला, त्याच गुणकाने समभागांची संख्या भागली पाहिजे; भाव आणि संख्या यांचा गुणाकार समायोजनाआधी आणि नंतर सारखाच यायला हवा, आणि तो तसा येतो का हे पाहणे हीच या कामाची सोपी पडताळणी आहे.

गुणक कोणत्या तारखेआधीच्या भावांना लावायचा, तर बोनसविना व्यवहार सुरू होण्याच्या तारखेआधीच्या, म्हणजे एक्स-तारखेआधीच्या. संचालक मंडळाच्या घोषणेचा दिवस किंवा समभाग खात्यात जमा होण्याचा दिवस धरला, तर मधल्या काळाचे भाव बिघडतात.

काही जण यादी न पाहता, ‘एका दिवसात ४५ टक्क्यांहून जास्त घसरण दिसली की ते विभाजन समजावे’ असे सूत्र लावतात. मीही एके काळी हा आळस केला आहे. या सूत्राचे काय होते, ते सत्यम कॉम्प्युटरच्या ७ जानेवारी २००९ च्या ओळीवरून कळते. त्या दिवशी अध्यक्षांनी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली आणि समभाग सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या आसपास आला. ही घसरण खरी होती, लोकांचे पैसे खरोखर बुडाले होते, आणि आपले सूत्र ती एखादा बोनस समजून गुळगुळीत करून टाकते. म्हणून प्रत्येक मोठी उडी किंवा घसरण कंपनीच्या घोषणांच्या यादीशी एकेक करून ताडून पाहावी.

एखादा व्यवसाय वेगळा काढला जातो, तेव्हा गुणक इतका नेटका नसतो. २० जुलै २०२३ रोजी रिलायन्सपासून वित्तीय सेवा व्यवसाय वेगळा झाला. आदल्या दिवशी २,८४१.८५ रुपयांवर बंद झालेला समभाग सकाळच्या विशेष सत्रात २,५८० रुपयांवर ठरला आणि उरलेले २६१.८५ रुपये हे जिओ फायनान्शियलचे मूल्य मानले गेले. कच्च्या नोंदीत ही ९.२ टक्क्यांची घसरण दिसते. भागधारकाच्या हाती मात्र दोन कंपन्यांचे समभाग आले. २,५८० ला २,८४१.८५ ने भागून येणारा ०.९०७९ हा गुणक इथे लागतो, आणि तो काही संकेतस्थळे लावतात, काही लावत नाहीत. हक्कभागांचे, म्हणजे आधीच्या भागधारकांना ठरावीक किमतीला देऊ केलेल्या नव्या समभागांचेही असेच: रिलायन्सने २०२० मध्ये दर १५ समभागांमागे एक हक्कभाग १,२५७ रुपयांना दिला, तेव्हा आधीच्या भावाची पंधरापट अधिक १,२५७, भागिले १६, असा नवा भाव काढून त्याला आधीच्या भावाने भागले की गुणक मिळतो.

राहिला लाभांश. तो वाटला की भाव तितक्याने उतरणे अपेक्षित असते, पण बाजारांच्या नोंदींत साधारण लाभांशासाठी समायोजन केलेले नसते. याहू फायनान्सच्या तक्त्यात साधा बंद भाव बोनस-विभाजनासाठी आणि शेजारचा समायोजित बंद भाव लाभांशासाठीही दुरुस्त केलेला असतो. या दोन रकान्यांची अदलाबदल ही नवशिक्यांची हमखास चूक आहे. निर्देशांकातही हाच भेद आहे. बातम्यांत येणारा निफ्टी लाभांश मोजत नाही, तर एकूण परतावा निर्देशांक तो पुन्हा गुंतवला असे धरतो. म्युच्युअल फंडांनी आपली कामगिरी या दुसऱ्या निर्देशांकाशी ताडावी, असा बाजार नियामक सेबीचा नियम फेब्रुवारी २०१८ पासून आहे. लाभांश धरलेला समभाग आणि लाभांश न धरलेला निर्देशांक यांची तुलना मांडून ‘बाजाराला हरवले’ असे म्हणणारा तक्ता दिसला, तर तो तिथेच बाजूला ठेवावा.

परतावा मोजताना

अंशांकडे पाहू नये, टक्क्यांकडे पाहावे. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३९० अंशांनी पडला आणि मथळे भरले, ते ५.७४ टक्के होते. हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आल्यावर २८ एप्रिल १९९२ रोजी तो फक्त ५७० अंशांनी पडला, पण ते १२.७७ टक्के होते. याच कारणाने दीर्घ मुदतीचा आलेख लॉग मोजपट्टीवर, म्हणजे सारख्या टक्क्यांना सारखी उंची देणाऱ्या मोजपट्टीवर, काढावा, नाहीतर १९९२ चा डोंगर आजच्या आलेखात वाळूच्या कणाएवढाही दिसत नाही.

अनेक वर्षांचा परतावा चक्रवाढ दराने सांगतात: शेवटचा भाव भागिले सुरुवातीचा भाव, त्याचे वर्षांच्या संख्येइतके मूळ, उणे एक. सूत्र सोपे आहे; सुरुवातीची तारीख निवडणे सोपे नाही. सेन्सेक्स ८ जानेवारी २००८ रोजी २०,८७३ वर बंद झाला होता आणि २८ मार्च २०२५ रोजी ७७,४१५ वर. या सव्वासतरा वर्षांचा दर येतो वर्षाला ७.९ टक्के. आता सुरुवात फक्त चौदा महिने पुढे, ९ मार्च २००९ ला धरा. त्या दिवशी सेन्सेक्स ८,१६० होता. त्याच शेवटच्या तारखेपर्यंतचा दर १५ टक्के होतो. पहिल्या आकड्याने मुदतठेव बरी वाटेल, दुसऱ्याने घर गहाण टाकून बाजारात उतरावेसे वाटेल, आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यातून निघाले आहेत. म्हणून एक तारीख धरू नये. दर महिन्याच्या पहिल्या व्यवहाराच्या दिवसापासून सुरू होणाऱ्या सर्व दहा-दहा वर्षांच्या कालखंडांचा दर काढावा आणि त्यातील सर्वांत वाईट, मधला आणि सर्वांत चांगला असे तिन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

त्याच तक्त्यातून शिखरापासूनची घसरणही काढावी, कारण माणूस सरासरीने घाबरत नाही. वरच्याच उदाहरणात २०,८७३ वरून ८,१६० ही ६१ टक्क्यांची घसरण होती आणि ती भरून निघायला १५६ टक्के वाढ लागली. शिखराला पुन्हा स्पर्श झाला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. प्रत्येक दिवसासाठी त्या दिवसापर्यंतचा सर्वोच्च बंद भाव एका रकान्यात आणि त्यापासूनचे टक्के दुसऱ्या रकान्यात मांडले की हा हिशेब आपोआप होतो.

जुन्या काळावर एखादी पद्धत तपासताना

इथे सर्वांत मोठा धोका असा की आजची यादी घेऊन आपण काल खेळतो. आज निफ्टीत असलेल्या ५० कंपन्या घेऊन २००५ पासूनचा परतावा काढला, तर तो उत्तमच येणार, कारण त्या टिकल्या आणि वाढल्या म्हणूनच आज यादीत आहेत. सत्यम २००९ च्या सुरुवातीपर्यंत निफ्टीत होती आणि २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली. आजच्या यादीत ती नाही आणि तिच्याबरोबर तिचा तोटाही गायब होतो. त्या त्या तारखेला निर्देशांकात कोणत्या कंपन्या होत्या, याची यादी वेगळी जमवावी लागते.

निर्देशांकाचा इतिहासही कधी कधी मागाहून लिहिलेला असतो. सेन्सेक्स प्रत्यक्षात १ जानेवारी १९८६ रोजी सुरू झाला, आणि त्याचे १९७८-७९ या पायाभूत वर्षाचे १०० पासूनचे आकडे नंतर काढलेले आहेत. निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक ऑगस्ट २०२० मध्ये आला, पण त्याचे आकडे एप्रिल २००५ पासूनचे मिळतात. आधीची पंधरा वर्षे कोणीही या निर्देशांकानुसार गुंतवणूक केलेली नाही. अशा आकड्यांचा उपयोग करू नये असे नाही. निर्देशांक सुरू होण्याच्या तारखेआधीचा आणि नंतरचा भाग वेगळा मांडावा.

किंमत-उत्पन्न गुणोत्तराच्या, म्हणजे भाव भागिले प्रति समभाग नफा या आकड्याच्या, जुन्या नोंदीत आणखी एक शिवण आहे. २०२१ च्या मार्चअखेरीपासून एनएसईने निफ्टीचे हे गुणोत्तर एकट्या कंपनीच्या नफ्याऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली आणि ते एका दिवसात सुमारे ४० वरून ३३ च्या घरात आले. बाजार त्या दिवशी स्वस्त झाला नव्हता. ‘ऐतिहासिक सरासरीपेक्षा महाग की स्वस्त’ हे सांगणाऱ्या आलेखावर ही शिवण दाखवलेली नसेल, तर त्याची सरासरी निरर्थक आहे. तसेच मार्चअखेरचे निकाल एप्रिल-मेमध्ये जाहीर होतात. ते ३१ मार्चलाच माहीत होते असे धरून केलेली खरेदी तपासणीतून बाद करावी.

जिथे कच्चाच भाव लागतो

इथवर समायोजनाचे एवढे गुणगान केल्यावर आता त्याच्या उलट बाजूची गोष्ट. ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेले सूचिबद्ध समभाग विकताना दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा कर काढण्यासाठी ३१ जानेवारी २०१८ या दिवसाचा उच्चांक लागतो. विक्रीची किंमत आणि तो उच्चांक यांतील कमी आकडा घ्यायचा, त्याची प्रत्यक्ष खरेदी किमतीशी तुलना करायची आणि त्यातला जास्त आकडा खर्च म्हणून धरायचा. हा उच्चांक मान्यताप्राप्त बाजारात त्या दिवशी खरोखर लागलेला भाव आहे. नंतर झालेल्या बोनससाठी समायोजित केलेला आकडा इथे चालत नाही, कारण ३१ जानेवारी २०१८ नंतर मिळालेल्या बोनस समभागांचा खर्च शून्य धरला जातो आणि सगळा जुना भाव मूळ समभागांच्याच वाट्याला येतो.

समजा, २०१० मध्ये एका कंपनीचे १०० समभाग २०० रुपयांनी घेतले, ३१ जानेवारी २०१८ चा उच्चांक १,००० रुपये होता, २०१९ मध्ये एकास एक बोनस मिळाला आणि आता सगळे २०० समभाग ९०० रुपयांनी विकले. मूळ १०० समभागांसाठी १,००० आणि ९०० यांतील कमी म्हणजे ९००. ते २०० पेक्षा जास्त असल्याने खर्च ९०० आणि नफा शून्य. बोनसच्या १०० समभागांचा खर्च शून्य, म्हणून नफा ९०,००० रुपये. संकेतस्थळावरच्या समायोजित आलेखातून उच्चांक ५०० असा उचलला असता, तर मूळ समभागांवरही ४०,००० रुपयांचा नफा विनाकारण दाखवला गेला असता. दर्शनी मूल्याचे विभाजन झाले असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे: तिथे तोच समभाग तुकड्यांत वाटला गेलेला असल्याने जुना उच्चांकही त्याच प्रमाणात भागावा लागतो. डीमॅट खात्यातून काही समभागच विकले असतील, तर आधी जमा झालेले आधी विकले असे धरतात, त्यामुळे मूळ समभागांचा हिशेब आधी आणि बोनसचा नंतर येतो.

हा उच्चांक ३१ जानेवारी २०१८ च्या भावकॉपीतूनच घ्यावा आणि ती ओळ जपून ठेवावी. एनएसई आणि बीएसई यांचे उच्चांक वेगळे असतील, तर जास्त असलेला धरता येतो. त्या दिवशी समभागात सौदाच झालेला नसेल, तर त्याच्या लगतच्या आधीच्या ज्या दिवशी सौदा झाला, त्या दिवसाचा उच्चांक घ्यावा.